नाडा आणि सोंदूर

आमच्या मराठी विभागातला जुना संगणक गेल्या महिन्यात मोडीत निघाला. त्यातल्या फाइली उतरवून घेताना 'शब्दनोंद' नावाचा एक फोल्डर सापडला आणि २०१३ सालातली एक दुपार पुन्हा समोर उभी राहिली. त्या दुपारच्या मुळाशी माझ्या हातून झालेली एक चूक होती. चूक तांत्रिक होती, संगणकशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक असावी अशी. पण मी मराठीची प्राध्यापक असल्यामुळेच ती घडली, असे मला आजही वाटते.

नगर जिल्हा (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) हा पर्जन्यछायेतला, विहिरींचा मुलूख. ऑइल इंजिने आली, मागून विजेचे पंप आले आणि विहिरीवरची मोट गेली. मोटेबरोबर तिचे शब्दही जायला निघाले होते. ते सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडून विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावेत, असा आमचा साधा उपक्रम होता. एकाने सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे ही रीत या जिल्ह्याला नवी नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा मानते. सांगणाऱ्याबद्दल आपण सातशे वर्षे बोलत आलो आहोत. लिहून घेणाऱ्याच्या जबाबदारीचा विचार मात्र मी तोवर कधी केला नव्हता.

कागदी चिठ्ठ्यांऐवजी नोंदी संगणकावर ठेवू या, ही सूचना संगणकशास्त्र विभागातल्या एका सरांची. आधी त्यांनी हाताशी असलेले व्हिज्युअल बेसिक ६ वापरून पाहिले. पण त्याच्या चौकटींना युनिकोड देवनागरी पेलेना, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू लागली. मग त्यांनी 'क्यूटी' नावाचे साधन निवडले. मूळ नॉर्वेतल्या ट्रोलटेक या कंपनीचे हे साधन लिहिताना क्यूटी, पण उच्चारताना 'क्यूट'! त्यात 'डिझायनर' म्हणून एक भाग असतो. कोऱ्या फॉर्मवर मजकुराच्या चौकटी आणि बटणे माउसने ओढून आणावीत, हवी तिथे मांडावीत. आज्ञावलीची एक ओळही लिहावी लागत नाही. "फॉर्म तुम्ही काढा, मॅडम, वर्ग मी लिहितो," सर म्हणाले. वर्ग म्हणजे क्लास, फॉर्ममागे राहून प्रत्यक्ष काम करणारा आज्ञावलीचा घटक. आयुष्यभर वर्गावर जाणाऱ्या मला त्या वाक्याची गंमत वाटली.

गंमत ओसरल्यावर मनात आक्षेप उभा राहिला. एम. ए.ला असताना आम्ही पानेच्या पाने भरून लिहिले होते की आशय आणि रूप वेगळे काढता येत नाहीत. इथे तर रूप एका फाइलीत, आशय दुसऱ्या फाइलीत आणि दोघांचे कर्ते दोन! सरांनी शांतपणे समजावले. मी काढलेले चित्र संगणक मजकुराच्या रूपात साठवतो: अमुक बटण, अमुक जागी, अमुक नावाचे. दुसरा एक छोटा प्रोग्राम तो मजकूर वाचून त्यावरून स्वतःच एक वर्ग तयार करतो. या यंत्रनिर्मित वर्गात माणसाने हात घालायचा नाही, कारण चित्र बदलले की तो पुन्हा नव्याने लिहिला जातो आणि त्यातली हाताची दुरुस्ती पुसली जाते. सरांचा वर्ग वेगळा. तो यंत्राने केलेल्या वर्गाला आपल्या पोटात बाळगतो, किंवा त्याचा वारसा घेतो. ही वाटणी इतरांनीही आपापल्या परीने केली आहे. मायक्रोसॉफ्टने २००५ साली सी शार्प भाषेत एकच वर्ग दोन फाइलींत विभागण्याची सोय केली; नेटबीन्समध्ये यंत्राने लिहिलेला भाग संपादकात कुलूपबंद राहतो. हेतू एकच की चित्र काढणाऱ्याचा आणि आज्ञावली लिहिणाऱ्याचा हात एकमेकांच्या कामावर पडू नये.

मग दोघांची गाठ पडते कुठे? नावांपाशी. प्रत्येक बटणाला दोन नावे असतात. एक त्याच्या अंगावर लिहिलेले, सगळ्यांना दिसणारे: 'जतन करा'. दुसरे आतले, वापरणाऱ्याला कधीच न दिसणारे. यंत्राने आमच्या बटणाला दिलेले आतले नाव होते 'पुशबटन_३'. सरांनी आपल्या वर्गात 'ऑन_पुशबटन_३_क्लिक्ड' या नावाची कृती लिहून ठेवली होती. फॉर्म उघडतानाच क्यूटी अशी नावे शोधत जाते आणि नावावरून नाव ओळखून बटण व कृती आपोआप जोडून देते.

एके दिवशी सर परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होते. फॉर्मवर शेवटचा हात फिरवताना ते 'पुशबटन_३' माझ्या डोळ्यांना खुपू लागले. इतके रुक्ष, निरर्थक नाव! मी ते बदलून 'जतन_बटन' केले. चौकटींची नावेही बदलली. चौकटींच्या बाबतीत कंपायलरने लगेच हरकत घेतली, कारण ती नावे सरांच्या आज्ञावलीत स्पष्ट शब्दांत आली होती. सरांनी शिकवले होते त्याप्रमाणे मी ती दुरुस्त केली. 'नवीन' हे बटणही सरांनी असेच स्पष्टपणे जोडलेले होते, तेही दुरुस्त झाले. 'जतन करा' मात्र त्यांनी नावाच्या संकेतावर सोडले होते, त्यामुळे तिथे कोणी तक्रार केली नाही. खाली संदेशांच्या खिडकीत एक इंग्रजी ओळ उमटली असणार: या कृतीला जुळणारे बटण सापडले नाही. मी ती वाचली नाही. फॉर्म पूर्वीसारखाच देखणा उघडला, आणि तो मी विभागातल्या संगणकावर उतरवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाथर्डी तालुक्यातला एक विद्यार्थी आपल्या आजोबांना घेऊन आला. आजोबा खुर्चीत बसून बोलत होते, नातू टंकत होता. धाव म्हणजे बैल जिच्यावरून उतरतात ती उतरती वाट. थारोळे म्हणजे मोट जिथे ओतली जाते ती जागा. एका शब्दातून दुसरा निघत होता; मधेच बैलांची नावे येत होती, दुष्काळातली एखादी आठवण येत होती. मुलाने चाळीसहून अधिक नोंदी केल्या. प्रत्येक नोंदीनंतर तो 'जतन करा' दाबत होता आणि मग 'नवीन'. 'नवीन' हे बटण चौकटी रिकाम्या करी, आणि ते चोख चालत होते. नोंद जतन झाली असे सांगणारी ओळ आम्ही पुढे कधीतरी घालणार होतो. संध्याकाळी यादी उघडली. तिच्यात एकही नोंद नव्हती.

सरांना दोष सापडायला दहा मिनिटेही लागली नाहीत. रागावले नाहीत. "चूक माझीही आहे," म्हणाले. त्यांनी ते बटण आज्ञावलीत उघडपणे जोडून टाकले. क्यूटीच्या पाचव्या आवृत्तीपासून अशी जोडणी कंपायलरला तपासता येते. नाव बदलले की प्रोग्राम तयारच होत नाही, तिथल्या तिथे अडतो. नावाच्या संकेतात टंकण्याचे श्रम वाचतात, पण तो तुटला तर आवाज होत नाही.

आजोबा पुन्हा आले. मला वाटले होते, गेलेले सगळे परत मिळेल. पण आता त्यांना फॉर्म माहीत झाला होता. "शबुद, थारोळं. अर्थ, पानी वततात ती जागा. गाव, आमचंच," असे ते कोशासारखे सांगू लागले. पहिल्या दिवशीचे बैल, दुष्काळ, हसणे यांतले काहीच आले नाही. आमच्या चौकटींना जोडून घेण्यासाठी त्यांनी आपल्या बोलण्याचाच आकार बदलला होता. तासाभरात काम संपले. या वेळी सगळे नीट जतन झाले.

निघताना त्यांनी विचारले, त्या दिवशी नेमके काय झाले होते? मी जमेल तसे सांगितले: बटण होते, मागचे कामही होते, मधली गाठ सुटली होती. ते हसले. "बाई, मोटंला दोन दोर. नाडा मोट वर वढतो, सोंदूर सोंड धरून ठिवतो. सोंदूर सुटला तर बैल पळत्यात, चाक वाजतंय, मोट वर येती, अन् पानी मातुर हिरीतच!" मोटेची सोंड वर येईपर्यंत दुमडून धरणारा तो बारीक दोर, मी फक्त कवितेत वाचलेल्या मोटेच्या चित्रात कधी पाहिलाच नव्हता.

त्यानंतर माझ्या शिकवण्यात एक बदल झाला. माधव जूलियनांची 'गज्जलांजली' (१९३३) शिकवताना पूर्वी मी वृत्ते, यमके, अंत्यपदे फळ्यावर मांडून मोकळी होई. पुढे समीक्षकांनी त्या रचनांवर आक्षेप घेतला तो निराळ्याच जागी: बाहेरचा आकार आला, पण प्रत्येक शेराने स्वतंत्र, पूर्ण कविता असावे हा आतला करार पुष्कळदा सुटला. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहिली ती हा करार उघड शब्दांत मांडण्यासाठी. आशय आणि रूप एक असतात, हे परीक्षेचे वाक्य मी आजही खोडत नाही. मात्र ती गाठ कुठे आहे आणि कोणी बांधली आहे, हे प्रत्येक कवितेत शोधून दाखवा, एवढे विद्यार्थ्यांकडून मागते.

परवा फोल्डर उघडला तेव्हा दुसऱ्या दिवसाच्या नोंदी जागच्या जागी होत्या. सोंदुराबद्दलचे आजोबांचे ते बोलणे त्यांत नाही. शब्द, अर्थ, गाव, सांगणारा यांपैकी कुठल्याच चौकटीत ते बसत नव्हते, म्हणून मी तेव्हा माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले होते. वही अजून माझ्याकडे आहे.