दोन प्रश्न

आमचे मन्नाएखेळ्ळी मुंबई-हैदराबाद महामार्गावरचे गाव. बीदर जिल्ह्यातल्या इतर अनेक गावांप्रमाणे इथेही घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टपरीवर दखनी, असा तीन भाषांचा संसार चालतो. पण एका बाबतीत तिन्हींचे एकमत आहे. मराठीत ‘जुगार’ म्हणा की कन्नडात ‘जूजु’ म्हणा, तो नेहमी दुसराच कोणीतरी खेळतो. आपण खेळतो तो नुसता ‘आकडा’, नाहीतर पाडव्याचे पत्ते!

पाडव्याच्या पत्त्यांना निदान द्यूतप्रतिपदेचा आधार तरी आहे. आकड्याचे कूळ निराळे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईत येत आणि त्यांवर पैजा लागत. ते थांबल्यावर 1962 साली कल्याणजी भगत यांनी वरळीला आणि 1964 साली रतन खत्री यांनी मटका सुरू केला. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे राहिले आणि गावोगाव पोचले.

आमच्या नात्यातल्या एका काकांना या शब्दांनी धरले. माणूस निर्व्यसनी, हिशेबाला चोख. बोभाटा झाला की चार वडीलधारी जमत आणि एकच प्रश्न विचारत, “किती गेले?” काका एक रक्कम सांगत. ती खऱ्यापेक्षा नेहमी थोडी कमीच असे. भाऊबंद ती भरून टाकत, सुटकेचा श्वास सोडत, आणि काका उरलेले वसूल करायला पुन्हा आकडा लावत. असे दोनदा झाले.

तिसऱ्या खेपेला विचारले ते त्यांच्या सुनेने. तिचे माहेर कन्नड. तुरीचे पैसे घरी येईनात. काका म्हणत, अडत्याची पट्टीच अजून मिळाली नाही. एके दिवशी जेवण वाढता वाढता ती हळूच म्हणाली, “मावा, अत्तीला सुळ्ळु सांगावं लागतं का?” सुळ्ळु म्हणजे खोटे. पैशाचा उल्लेखच नव्हता. काकांचा हात ताटातच थांबला, आणि त्या रात्री प्रथमच त्यांनी सगळे सांगितले.

पुढे मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे मी त्यांच्याबरोबर गेलो. डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक कागद पुढे ठेवला. कॅनडात 2001 साली तयार झालेली ही प्रश्नावली गेल्या बारा महिन्यांबद्दल विचारते. गमावणे झेपणार नाही इतके लावले का? तीच मजा यायला रक्कम वाढवावी लागली का? हरलेले परत मिळवायला दुसऱ्या दिवशी गेलात का? उसने घेतले, काही विकले का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज आठ किंवा त्याहून जास्त झाली तर प्रकरण गंभीर. याआधी 1987 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ ओक्स रुग्णालयाच्या नावाने वीस प्रश्नांची चाचणी निघाली होती. आणि 1997 साली आली ती अवघ्या दोन प्रश्नांची : अधिकाधिक पैसे लावावेसे वाटले का? आपण किती खेळतो याबद्दल जिवाभावाच्या माणसांशी खोटे बोलावे लागले का? एकाचेही उत्तर ‘हो’ आले, तर पुढची तपासणी करावी.

हे ऐकले आणि मला आमची सून आठवली. त्यातला दुसरा प्रश्न तिने आपल्या अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नड बोलीत आधीच विचारला होता!

तसे पाहिले तर हे प्रश्न पुरातनच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले 34 वे सूक्त जुगाऱ्याचे आहे. न खेळण्याचा निश्चय करून पुन्हा फाशांकडे ओढला जाणारा, कर्जापायी रात्री परक्यांच्या घरी जाणारा, बायको आणि सासू यांनी झिडकारलेला तो माणूस नऊ प्रश्नांच्या कागदात सहज बसेल. त्याला शेवटी शेतीकडे वळण्याचा उपदेश केला आहे.

अर्थात प्रश्नावली म्हणजे थर्मामीटर. ताप आहे एवढे तो सांगतो. निदान आणि उपचार डॉक्टरांचे. पण घरात थर्मामीटर असावा. 2007 मध्ये कर्नाटकात लॉटरीची विक्री बंद झाली, 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. दुकाने बंद करणे सरकारच्या हाती आहे. ताटावरचा प्रश्न घरानेच विचारायचा आहे. ‘जुगार खेळता का?’ असे विचारले तर कोणीही नाहीच म्हणणार. ‘किती गेले?’ या प्रश्नाने माणूस हिशेब लपवायला शिकतो. खोटे बोलावे लागते का, हे मात्र मायेने विचारता येते. कन्नडात ‘साल’ म्हणजे कर्ज; आमच्या काकांना मराठी सालाइतकीच ही कानडी सालेही मोजावी लागली. ती अजून फिटायची आहेत. मध्ये एकदा पाय घसरलाही, पण तो त्यांनी त्याच संध्याकाळी काकूंना सांगितला. डॉक्टर म्हणाले, हीच सुधारणा.

ज्यांना डॉक्टर दूर आहे त्यांनी 14416 या ‘टेली मानस’च्या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.