चंद्रतालला मी गाडीनं गेले

चंद्रताल बघून आलात म्हणे, कसं आहे हो, असं कुणी विचारलं की दोन वर्षं झाली तरी माझं तोंड कडू होतं. बघितलं, पण गाडीनं गेले. बातालपासून चंद्रतालपर्यंतचे शेवटचे सुमारे १४ किलोमीटर माझी सायकल जीपच्या टपावर दोरीनं आवळलेली होती आणि मी आत, मांडीवर हेल्मेट घेऊन.

आम्ही जयपूरला सी-स्कीममध्ये राहतो, २३ वर्षं झाली. इथले रस्ते सपाट, रुंद, झाडांचे, त्यामुळे पंचेचाळिशीनंतर सायकल हातात घेतली ती सुटलीच नाही. रविवारी पहाटे साडेपाचला स्टॅच्यू सर्कलवर जमायचं, झोरावरसिंग गेटवरून जलमहाल, पुढे कनक घाटी आणि मग नाहरगडचा चढ. त्याच गटानं ठरवलं की मनालीहून रोहतांग ओलांडून चंद्रतालला जायचं. आम्ही ११ जण. आयोजक बाहेरचा, पैसे पुरते भरलेले. तेव्हा मी ५४ वर्षांची होते.

आणि मला जायचंच होतं. माझं माहेर पंढरपूरचं. भीमा तिथं चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ती चंद्रभागा, हे आम्हाला पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी ठाऊक. पुढे कधीतरी वाचलं की हिमालयातही एक चंद्रभागा आहे. चंद्रा आणि भागा या दोन नद्या लाहौलमध्ये तांदीला भेटतात आणि पुढे त्यांचीच चिनाब होते. त्या चंद्रेला जाऊन मिळणारं सरोवर म्हणजे चंद्रताल, आणि त्याचाही आकार कोरीचा! हे कळल्यापासून ते पाणी माझ्या डोक्यातून जाईना. तिथं जायचं तर आपल्या पायांनी जायचं, हे मी मनाशी धरलं होतं. माझे वडील आळंदीहून पायी वारी करायचे. एसटीनं आलेले पाहुणे आमच्या ओसरीवर टेकून 'वारी झाली' म्हणायचे, तेव्हा वडील काही बोलायचे नाहीत, नुसते पायांना तेल चोळत बसायचे.

रोहतांग मी चढले. ग्राम्फूला डांबर संपतं आणि पुढे नुसते गोटे, वाळू आणि रस्त्यावरून वाहणारे नाले. दुपारी ऊन बर्फ वितळवतं तसं नाल्यांचं पाणी वाढतं, म्हणून पहाटेच निघावं लागतं. छत्रूच्या पुढे एका नाल्यात पाणी पिंढरीच्या वर होतं, सायकल खांद्यावर घेऊन मी तो ओलांडला, कुणाची मदत न घेता. बातालला पोचले तेव्हा माझ्या मागे चौघं होती. हे सांगते कारण पुढच्या गोष्टीला ते महत्त्वाचं आहे.

बातालला चाचा-चाचीच्या ढाब्याजवळ आमचा मुक्काम होता. सकाळी सहाला लीडरनं सगळ्यांना ओळीनं उभं केलं आणि बोटाला ऑक्सिमीटर लावायला सुरुवात केली. ८० च्या खाली ज्याचा आकडा त्यानं गाडीत बसायचं, हा त्याचा नियम. माझ्या बोटावर तीजेची मेंदी अजून गडद होती आणि हात बर्फासारखे गार, कारण तासभर मी बाहेरच्या पिंपात बाटल्या भरत होते. आकडा आला ७६.

"आंटीजी, आप गाडी में।"

मी म्हटलं, हात गार आहेत, पुन्हा बघा. गार बोटावर हे यंत्र चुकतं, गडद मेंदीनंही अडखळू शकतं, एवढं मला कोविडच्या दिवसांत घरोघरी तेच यंत्र फिरवून माहीत झालं होतं. तो पुढच्या बोटाकडे गेला. पुढचं बोट आमच्याच गल्लीतल्या एका मुलाचं होतं, वय २४. त्याचा आकडा ७४. मी माझ्या डोळ्यांनी बघितला, लाल अक्षरांत ७४. लीडर हसला, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तू तो निकाल लेगा।"

मी चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून पाच मिनिटं बसले. बोटं चांगली गरम झाल्यावर स्वतःच यंत्र मागून घेतलं. ८३. तेच यंत्र, तेच बोट. लीडरकडे गेले, आकडा दाखवला. त्यानं तो बघितलासुद्धा. म्हणाला, आता सायकल चढवून झाली, दोर सोडायचा तर अर्धा तास जाईल. मी म्हटलं, मी सोडते. तो म्हणाला, उशीर होतोय, ग्रुपचा विचार करा.

त्या सकाळी ८० च्या खाली चार जण होते. गाडीत बसलो आम्ही दोघी, मी आणि ४९ वर्षांची एक मैत्रीण. उरलेले दोन पुरुष सायकलीवर गेले. नियम होता तर चौघांना होता. वयाचा नियम होता तर तो जयपूरलाच सांगायचा, पैसे घेण्याआधी. 'तुम्ही बाई आहात आणि पन्नाशीच्या पुढे आहात' असं त्यानं तोंडावर म्हटलं असतं तर मी भांडले असते. त्यानं आकडा पुढे केला आणि आकड्याशी भांडता येत नाही. वाटेत एकेक सायकलवाला मागे पडत गेला, प्रत्येक जण धुळीतून हात हलवत होता. मी एकालाही हात केला नाही.

सरोवर सुंदर आहे. हे मला कबूल करावंच लागेल. गाडीतळापासून थोडं चालावं लागतं. काठाशी पाणी इतकं नितळ की तळचे दगड एकेक करून मोजावेत, आणि चार हात आत गेलं की एकदम निळं. वारा थांबला की समोरचा सगळा उजाड डोंगर त्यात उलटा उतरतो. २००५ पासून ते रामसर यादीतलं संरक्षित पाणथळ आहे, काठावर तंबू ठोकायला बंदी आहे. फार चांगलं केलंय. सगळे मुक्काम लांब, खालच्या बाजूला. मी पाण्यात हात घातला. पण मन लागलं नाही. आपण दुसऱ्याच्या घरी आगाऊ येऊन बसलोय असं वाटत राहिलं.

आता जे सांगते ते गटात कुणालाच सांगितलेलं नाही. त्या सकाळी, सायकली निघायच्या आधी, तो ७४ वाला मुलगा माझ्याकडे आला होता. "आंटी, रात से सर फट रहा है। किसी को मत बताना।" आणि मी नाही सांगितलं. त्यानं नको म्हटलं म्हणून नाही. मी रागात होते. माझ्या मनात आलं, जाऊ दे, ह्यांचा लाडका आहे, निघू दे ह्याला. एवढं स्पष्ट शब्दांत नाही आलं, पण आलं.

रात्री अकराला त्याच्या तंबूतून ओकाऱ्यांचा आवाज आला. बाहेर आणलं तर झिंगल्यासारखा चालत होता, टाचेला बोट लावून सरळ रेषेत चार पावलं टाकता येईनात. लीडर म्हणाला, सकाळी बघू. मी ओरडले. आयुष्यात तशी कधी ओरडले नव्हते. तोल जायला लागला की थांबायचं नसतं, खाली उतरवायचं असतं, अंधार असो की काही असो. ड्रायव्हर लाहौलचाच होता. तो काही न बोलता जॅकेट चढवून गाडीकडे गेला. त्याच जीपमध्ये, त्याच सीटवर, त्या मुलाचं डोकं मांडीवर घेऊन मी बातालला आणि तिथून छत्रूला उतरले. जवळजवळ हजार मीटर खाली. उजाडताना त्यानं डोळे उघडून चहा मागितला.

म्हणून सांगते, कुणी जाणार असाल तर ऐका. ४,३०० मीटरवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या मानानं जेमतेम ६० टक्के ऑक्सिजन मिळतो. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस नुसतं बसून काढावा. आम्ही छत्रूच्या ३,३०० वरून एका दिवसात बातालच्या ३,९६० वर आलो होतो, कारण कुणाला रजा नव्हती आणि आयोजकानं विश्रांतीचा दिवस कापला होता. नाहरगड दहा वेळा चढलात म्हणून काही वाचत नाही. तरुण आहात म्हणूनही वाचत नाही. डोकं दुखलं की सांगा. आणि दुसऱ्याचं दुखतंय हे कळलं तर तुम्ही सांगा.

आई ८१ वर्षांची आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं, मुलाचं सोडून. ती म्हणाली, "अगं, तुझे बाबा शेवटची चार वर्षं एसटीनंच आले की पंढरपूरला. विठोबानं काय पाठ फिरवली त्यांच्याकडे?" हे मला माहीत नव्हतं. मी लग्न होऊन लांब गेलेली, मला वाटायचं ते शेवटपर्यंत चालले. तेव्हा वाटलं, आता राग जाईल. नाही गेला. बाबा गुडघे गेले म्हणून गाडीत बसले, माझे गुडघे शाबूत होते.

तो मुलगा अजून रविवारी स्टॅच्यू सर्कलला येतो. पाया पडतो, 'आंटी, आप नहीं होतीं तो' म्हणतो, आणि दरवेळी मला पुढचं ऐकवत नाही. त्यानं मला एक फोटो फ्रेम करून दिला आहे, चंद्रतालच्या वाटेवरच्या शेवटच्या वळणावर तो सायकलीवर. मागे धूळ आहे आणि धुळीत आमची जीप दिसते. फोटो मी भिंतीवर लावला नाही आणि टाकलाही नाही, कपाटात साड्यांच्या खाली आहे.

पुन्हा जाणार नाही, असं मी त्या वर्षी सगळ्यांना सांगितलं होतं. परवा सायकलचे ब्रेक पॅड बदलून घेतले, मागचं टायरही जाड खाचांचं घातलं. दुकानदारानं विचारलं, नाहरगडला एवढं कशाला? मी म्हटलं, असू दे.