किर्र

१४ मे
लेकीची सुट्टी. ‘इव्हँगेलियन’ बघते आहे, १९९५ची मालिका. आई शेजारी बसते. इंग्रजी ओळी तिला कळत नाहीत, आवाज पोचत नाही. तरी बसते.

१५ मे
आई : “मधेच विजेचे खांब का दाखवतात? कुणी यायचंय का?”
कुणी येत नाही. खांब, तारा, कोरडं आभाळ आणि झाडांवर ओरडणारे सेमी, तिकडचे किडे. गोष्टीत अंटार्क्टिकावर प्रलय झालाय, पृथ्वीचा आस कललाय, जपानात बारा महिने उन्हाळा. सेमी थांबणार कसे? सगळी दहशत त्या आवाजात आहे. आईपर्यंत फक्त खांब पोचतो.

१६ मे
कानांची तपासणी. आलेखाची रेघ उजवीकडे घसरलेली. डॉक्टर म्हणाले, वयानं आधी बारीक, उंच आवाज जातात. पाखरं, किडे.
रिक्षात आई बराच वेळ गप्प. मग, “म्हणजे मे महिन्यात आंब्यावर ओरडायचे ते किडे अजून ओरडतात? मला वाटलं, संपले.”

१७ मे
झोप नाही.

१८ मे
ठरवलं. पडद्यावरचे आवाज मराठीत लिहून आईच्या हातात द्यायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या. बोलणं लेक सांगेल.

२० मे
पहिल्याच चिठ्ठीवर अडले. ‘किड्यांचा आवाज’ लिहिलं. खोडलं. जपानी माणूस नुसता ‘किडा’ ऐकत नाही. मिनमिन-झेमी म्हणजे भर उन्हाळा. हिगुराशी ‘कानाकाना’ करतो तो बहुधा पहाटे नाहीतर दिवस मावळताना. त्सुकुत्सुकु-बोशी ऐकू आला की उन्हाळा सरत आला, शाळेची सुट्टी संपली. दिग्दर्शकाला ‘संध्याकाळ झाली’ असं कुणाच्या तोंडी घालावं लागत नाही.
रातकिडे म्हणावं तर हे दिवसाही ओरडतात.
शेवटी लिहिलं : ‘कानाकाना. दिवस कलला.’

२३ मे
खांबांसारख्या या मधल्या रिकाम्या चित्रांबद्दल वाचत बसले. जपानी दिग्दर्शक ओझूच्या सिनेमांत ती आहेत : वाळत घातलेले कपडे, धुराडी, जाणारी आगगाडी. सिनेमाचा अभ्यासक नोएल बर्च यानं त्यांना ‘उशी’चं नाव दिलं, जुन्या जपानी कवितेतल्या माकुराकोतोबा, म्हणजे ‘उशी-शब्द’, यांच्यावरून. अ‍ॅनिमेशनमध्ये आणखी एक कारण, पैसा. १९६३पासून तेझुकाची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ दर आठवड्याला लागायची. तेवढी चित्रं काढणार कोण? एकच चित्र धरून ठेवायचं. मला वाटतं, अशा थांबलेल्या चित्रात आवाजच जीव ओततो. तो काढला की नुसता कागद उरतो.
आई इतके दिवस कागद बघत होती.

२४ मे
बाविसावा भाग. लिफ्टमध्ये दोन मुली, जवळजवळ मिनिटभर कुणी हलत नाही. आई म्हणाली, “अडकलं का गं?” लेक पुढे ढकलायला गेली. मी तिचा हात धरला. चिठ्ठी दिली : ‘लिफ्ट चालू आहे. कुणी बोलत नाही.’ आई पडद्याकडे वळली आणि ताठ बसली.

२७ मे
‘तोतोरो’, १९८८. बसथांबा, पाऊस, बाबांची वाट बघणाऱ्या दोघी बहिणी. शेजारी तो अवाढव्य प्राणी, डोक्यावर एवढंसं पान. थोरली त्याला छत्री देते. झाडावरचे जाड थेंब छत्रीवर पडतात आणि तो आवाज त्याला वेड लावतो. उडी मारतो. झाडावरचं सगळं पाणी एकदम खाली.
माझी ‘टप. टप. टप्प’ची चिठ्ठी हातातच राहिली. आई आधीच हसली होती. जाड आवाज तिला अजून येतात!

२८ मे
२००२मध्ये ‘तोतोरो’च्या दिग्दर्शकानं, मियाझाकींनी, समीक्षक रॉजर इबर्टला टाळ्या वाजवून दाखवलं होतं : दोन टाळ्यांमधली जागा म्हणजे ‘मा’. आईला करून दाखवलं. म्हणाली, “समेआधी थांबतात तसं.”

१ जून
चिठ्ठीवर ‘शांतता’ लिहिलं होतं. आईनं परत केली. “रानात शांतता कुठली? रान किर्र असतं.”
माझ्याच भाषेतला शब्द. किर्र रान, किर्र अंधार. आवाजानंच निःशब्द झालेलं. जपानी चित्रकथांत, मांगामध्ये, निःशब्दतेला अक्षरं असतात : ‘शीन’. दोन आठवडे मी भलतीकडे शोधत होते.

४ जून
कानाचं यंत्र आलं. आईची तक्रार : वर्तमानपत्र फार कडकडतं.

६ जून
यंत्र डब्यात. काही विचारलं नाही.

८ जून
‘गार्डन ऑफ वर्ड्स’, २०१३, शिंकाईचा. ४६ मिनिटं. शिंजुकूची बाग, पाऊस पडला की तिथे भेटणारे दोघं. आईनं स्वतःच यंत्र घातलं. पहिली चिठ्ठी पुढे केली, तिनं हातानंच नको म्हटलं. मध्येच खिडकीकडे बोट. “हा आतला की बाहेरचा?”
बाहेरचाही पडत होता.
यंत्राला ३१२ नंबरचा सेल लागतो. उद्या दोन पाकिटं आणायची.