दहाही फोटो पाठव

पुणे
रविवार

चि. सोनूस,


तू काढलेले लग्नाचे फोटो संगणकावर शंभर टक्के मोठे करून नीट पाहिले. ‘आत्या, लेन्सच खराब आहे, विकून टाकतो’ असं तू लिहिलंयस. तुझी तगमग मला कळते. अक्षता पडतानाचा नवरीचा चेहरा पुन्हा टिपता येत नाही. पण लेन्सवर आळ घेण्याआधी हे फोटो काय सांगतात ते बघू.

नवरीच्या चेहऱ्यावर आयतीच मोजपट्टी असते : पुढे नथ, मग डोळे, मागे कानातली कुडी. तुझ्या काही फोटोंत नथीचा मोती न् मोती स्पष्ट आहे आणि पापण्या विरघळल्या आहेत. काहींत उलट, कुडीची घडण मोजून घ्यावी इतकी स्वच्छ आणि डोळे मऊ. म्हणजे फोकस कधी पुढे पडलाय, कधी मागे. नुसत्या लेन्सचा दोष असता तर तो बहुधा एकाच बाजूला दिसला असता.

आता अंतराचं गणित बघ. तुझी बॉडी फुल फ्रेम. ८५ एमएम लेन्स, अपर्चर एफ १.८, नवरी सव्वा मीटरच्या आत. अशा वेळी स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम २ सेंटीमीटरचा असतो. तू मधल्या पॉइंटने डोळ्यावर फोकस लॉक करतोस आणि मग कॅमेरा वळवून फ्रेम बसवतोस. कॅमेरा १५ अंश वळला तरी फोकसची पातळी डोळ्याच्या सुमारे ४ सेंटीमीटर मागे जाते. कुडी स्पष्ट येण्याचं हे एक सरळ कारण. नथीच्या फोटोंत बहुतेक तू किंवा नवरी थोडी हललेली असणार. तेव्हा आधी पॉइंटच डोळ्यावर सरकवायची सवय लाव.

तरीही लेन्सची परीक्षा घ्यायलाच हवी, कारण दोष असूही शकतो. तुझ्या डीएसएलआरमध्ये मुख्य आरसा थोडा प्रकाश आरपार जाऊ देतो, त्यामागचा छोटा आरसा तो खाली तळाशी असलेल्या फोकसच्या सेन्सरकडे वळवतो. फोटो मात्र दुसऱ्याच सेन्सरवर उमटतो. दोन्ही वाटा तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात. एफ १.८ला मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका फरक पडला तरी डोळे मऊ दिसू लागतात. १९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि एसएलआरमध्ये ऑटोफोकस रुजला, तेव्हापासून हा प्रश्न आहेच. २००७मध्ये कॅननच्या ईओएस-१डी मार्क ३ आणि निकॉनच्या डी३, डी३०० या बॉडींनी तो दुरुस्त करायची सोय मेन्यूतच दिली. मिररलेसमध्ये फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून तिथे ही विशिष्ट अडचण उरत नाही.

परीक्षा अशी घे. वर्तमानपत्राचा ठळक मथळा पुठ्ठ्यावर सपाट चिकटव आणि पुठ्ठा कॅमेऱ्याला अगदी समांतर उभा कर. फोकस पुढे पडला की मागे हे दिसावं म्हणून शेजारी एक फूटपट्टी तिरपी ठेव, पण फोकस पट्टीवर घेऊ नकोस. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या चौकोनापेक्षा फोकसच्या सेन्सरचा खरा भाग बरेचदा मोठा असतो आणि तिरप्या वस्तूवर तो फसतो. अंतर फोकल लेंग्थच्या २५ ते ५० पट, म्हणजे तुझ्यासाठी दोन ते चार मीटर. ट्रायपॉड, खिडकीतला दिवसाचा उजेड, अपर्चर पूर्ण उघडं, टायमर लावलेला; लेन्सला स्टॅबिलायझेशन असेल तर बंद.

आधी लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून हाताने फोकस लावून एक फोटो काढ. बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायचे. मग व्ह्यूफाइंडरमधून ऑटोफोकसने दहा फोटो. प्रत्येक फोटोआधी फोकस रिंग मुद्दाम विस्कटायची, एकदा अनंताकडे, एकदा जवळ. हे टाळलंस तर लेन्स जागची हलतच नाही आणि दहाही फोटो एकाच मोजमापाची नक्कल ठरतात.

आता खरी पारख. दर वेळी पन्नास ग्रॅम जास्त दाखवणारा वजनकाटा दुरुस्त होतो. कधी जास्त, कधी कमी दाखवणारा होत नाही. दहाही फोटो एकाच बाजूला, साधारण सारखेच सरकलेले असतील तर मेन्यूतल्या त्या दुरुस्तीच्या सोयीने, म्हणजे फाइन ट्यूनने काम भागेल. फोकस पुढे पडत असेल तर आकडा अधिककडे, मागे पडत असेल तर उणेकडे. आणि फोटो दोन्हीकडे विखुरले असतील, तर उणे वीसपासून अधिक वीसपर्यंतचा कुठलाही आकडा तुला वाचवणार नाही. मग लेन्स आणि बॉडी दोन्ही सर्व्हिस सेंटरला दाखव.

तुझ्या दुसऱ्या लेन्सवरही हेच कर. दोन्ही एकाच दिशेला तेवढ्याच चुकत असतील तर संशय बॉडीवर घे. शेवटी संध्याकाळी पिवळ्या दिव्यात पुन्हा बघ. फोकसचा सेन्सर अशा उजेडात थोडा वेगळा वागू शकतो, आणि तुझी निम्मी लग्नं तर हॉलमधल्या दिव्यांतच होतात.

हे सगळं किचकट वाटेल, पण लोक आपल्या घरचा एकदाच येणारा दिवस तुझ्या हाती सोपवतात. आपलं अवजार कुठे खरं बोलतं आणि कुठे चकवतं, हे माहीत असणं हा त्या विश्वासाचाच भाग आहे, असं मी मनापासून मानते. ऐकीव गोष्टींवर विसंबून लेन्स विकलीस तर पुढची लेन्सही तुला अनोळखीच राहील.

परीक्षा झाली की फोटो मला पाठव. त्यातले चांगले तेवढे निवडू नकोस, वाईटही गाळू नकोस. ते किती विखुरले आहेत, यावरच तर निदान ठरणार आहे.

तुझी,
आत्या