ओला रंग

निकाल देण्याची घाई माणसाच्या रक्तातच असावी. नवा प्राध्यापक वर्गात पाऊल टाकतो न टाकतो, तोच पोरांनी त्याचा निकाल लावलेला असतो. आणि प्राध्यापकानेही पोरांचा!

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या ताईला कापड रंगवण्याचा नाद आहे. एका सुट्टीत मी तिच्याकडे असताना तिला ज्यूरीत बसण्याचे बोलावणे आले. आपल्याकडे ज्यूरी म्हटले की १९५९ सालचा नानावटी खटला आठवतो. नवांपैकी आठ पंचांनी दिलेला ‘निर्दोष’ हा कौल मुंबई उच्च न्यायालयाने मानला नाही. आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तर ज्यूरीला जागाच उरली नाही. तिकडे मात्र अजून बारा सामान्य माणसे आरोपीचे भवितव्य ठरवतात, आणि तेही एकमताने.

खटला चोरीचा होता, हेसुद्धा ताईने मागाहून सांगितले. तो चालू असताना घरी अवाक्षर काढायची बंदी! संध्याकाळी ती मुकाट्याने गॅरेजमधल्या निळीच्या पिंपाशी बसे. सुताने गाठी बांधलेले कापड बुडवी, बाहेर काढी. निघताना ते हिरवट पिवळे असे. हवा लागली की पाहता पाहता निळे होई.

‘‘वा! काय गडद रंग आलाय!’’ मी म्हणालो.

‘‘थांब रे. ओला रंग नेहमी गडदच दिसतो. धुऊन वाळू दे, मग बोल.’’

निकालानंतर ती मोकळेपणी बोलली. आरोपी अवघा वीस वर्षांचा. सरकारी वकिलाचे पहिले भाषण ऐकताच तो चोर, असे तिलाही वाटले होते. ‘‘पण रंग ओला होता ना! त्याची बाजू कुठे ऐकली होती?’’ शेवटी बारा जण खोलीत बसले, तेव्हा ‘दोषी’ म्हणून नऊ हात वर झाले. ताईचा झाला नाही. एका साक्षीदाराची जबानी तिला नीट उमगली नव्हती. ती तिने पुन्हा वाचून दाखवायला लावली. बाकीचे घड्याळाकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला : दोषी.

‘‘म्हणजे निकाल तोच! मग दीड दिवस फुकटच गेला की!’’

ताई सुताच्या गाठी सोडीत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘कापड निळे झाले, हे वरून दिसतेच रे. पण गाठीखाली काय राहिले, ते सोडल्याखेरीज कसे कळणार?’’