फळ्यावरचा आकडा

काही हट्ट आपण निष्ठा या गोंडस नावाखाली वर्षानुवर्षे जपतो. आमचा असाच एक हट्ट एका दूरचित्रवाणी मालिकेविषयी होता.

१९८६ च्या मे महिन्यात मुंबईहून आजऱ्यास आलेल्या मामांनी भाड्याचा व्हीसीआर अंगणात मांडला आणि ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ हा चित्रपट दाखविला. ग्लेन लार्सन यांच्या १९७८ मधील अमेरिकन मालिकेच्या आरंभकथेचेच ते चित्रपटरूप होते. सायलॉन नावाचे यंत्रमानव माणसांच्या बारा वसाहती बेचिराख करतात. उरलेले लोक एका युद्धनौकेच्या आश्रयाने पृथ्वीच्या शोधात निघतात. इंग्रजी संवाद फारसे कळले नाहीत. परंतु बारा वंश, रानातली वाट आणि वचनदत्त भूमी ही निर्गमनाची कथा आम्ही लगेच ओळखली. पुढे कित्येक दिवस हिरण्यकेशीच्या काठी आम्ही स्टारबक नावाचा वैमानिक होऊन हिंडलो.

म्हणूनच २००३ मध्ये रोनाल्ड मूर यांनी ती कथा नव्याने रचली व स्टारबकला चक्क स्त्री केले, हे वाचून आम्ही संतापलो. न पाहताच निकाल देऊन मोकळे झालो.

२०२१ च्या पावसाळ्याच्या तोंडी आमचे मेहुणे कोरोनाने गेले. आम्ही चार दिवस आजऱ्यास बहिणीकडे राहिलो. सोळा वर्षांचा भाचा कोणाशीच बोलत नव्हता. रात्री लॅपटॉप उघडून बसे. “बसा ना, फादरमामा,” एवढेच एकदा म्हणाला. पाहतो तो नवी ‘गॅलॅक्टिका’! शीर्षकसंगीतात गायत्री मंत्राचे स्वर ऐकून आम्ही चकित झालो. कपाळावरची आठी मात्र तशीच होती.

जुन्या कथेत एवढ्या संहारानंतर थोड्याच वेळात मंडळी एका जुगारखान्यात रमतात. लहानपणी ते आम्हांस खटकले नव्हते. नव्या मालिकेत मात्र शोक सरत नाही. वारसाक्रमात त्रेचाळिसाव्या असलेल्या शिक्षणमंत्री लॉरा रॉस्लिन यांच्यावर राष्ट्राध्यक्षपद येऊन पडते. त्या स्वतः कर्करोगाने ग्रस्त. दर ३३ मिनिटांनी शत्रू गाठतो, पाच दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा नाही. तशातही त्या एका पांढऱ्या फळ्यावर जिवंत माणसांची संख्या लिहून ठेवतात. सुमारे ५० हजार. माणसे दगावली की जुना आकडा पुसायचा, नवा लिहायचा.

भाचा हळूच म्हणाला, “फादरमामा, पप्पांचा आकडा कोणी पुसला असेल?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दोन महिन्यांत धर्मग्रामातील दफनांच्या नोंदी आम्हीच केल्या होत्या: नाव, वय, दिनांक, सही. घाई एवढी, की एकाही नावापाशी क्षणभर थांबलो नव्हतो. त्या रात्री मामा-भाचे प्रथमच रडलो. भागाच्या अखेरीस ताफ्यात एक मूल जन्मते आणि रॉस्लिन आकडा एकाने वाढवितात. तेव्हा भाच्याने डोळे पुसले.

पुढे कळले की असा हट्ट धरणारे आम्ही एकटेच नव्हतो. जुन्या मालिकेतील अपोलो, म्हणजे अभिनेते रिचर्ड हॅच, जुनीच कथा पुढे न्यावी म्हणून अनेक वर्षे झटले होते. नव्या मालिकेला त्यांचा विरोध होता. तरीही पुढे तिच्यातच टॉम झारेक या बंडखोर कैद्याची भूमिका त्यांनी स्वीकारली आणि मनापासून केली. २०१७ मध्ये ते निवर्तले. ज्याचे खरोखरच काही हिरावले गेले होते, त्याने मन मोठे केले. आमचे तर केवळ बालपणीचे एक खेळणे कोणी हलविले होते.

अंगणातला तो चित्रपट आम्हांस आजही प्रिय आहे. त्याने आम्हांस वाट दाखविली. वाटेत गळलेल्यांची मोजदाद नव्या मालिकेने शिकविली.

धर्मग्रामात परतल्यावर आम्ही ती नोंदवही उघडली आणि त्या दोन महिन्यांतील एकेक नाव सावकाश, मोठ्याने वाचले.