सीसी तेच, गाडी दुसरी

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत दोन धंद्यांना भरती येते, एक नाटकाचा आणि दुसरा गॅरेजचा. भाऊबीजेपासून मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात. वडशाच्या नाटक कंपन्या रोज संध्याकाळी नव्या गावाला निघतात, आणि कलाकार, वाद्यं, पडदे, लाइटचं सामान वाहणाऱ्या जुन्या सुमो, ट्रॅक्स आणि कमांडर पार होळीपर्यंत रात्र-रात्र जंगलातल्या रस्त्यांवर असतात. त्यातच धानाचे पैसे हाती आलेले असतात. मग गाडीमालकाला वर्षभर मनात ठेवलेली गोष्ट आठवते: गाडी भरली की चढावर दम सोडते, यंदा टर्बो बसवून घेऊ.

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे, नागभीडला राहतो. अपघातानंतर गाडी पाहायची, नुकसान मोजायचं आणि अहवाल द्यायचा हे माझं काम. पन्नास हजार रुपये किंवा त्यावरच्या मोटार दाव्याला परवानाधारक सर्व्हेअरचा अहवाल लागतो. कंपनी मला नेमते, पण मी कंपनीचा नोकर नसतो आणि मालकाचा वकीलही नसतो. बॉनेट उघडल्यावर माझा पहिला प्रश्न नुकसानीचा नसतोच. कागदावर जी गाडी लिहिली आहे ती हीच का, हे मी आधी पाहतो. टर्बोच्या गाड्यांत घोडं नेमकं इथंच अडतं.

टर्बोचार्जर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. सायलेन्सरवाटे वाया जाणारा तप्त धूर एका छोट्या चक्राला फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. हवा जास्त, म्हणून जास्त डिझेल नीट जळतं, म्हणून ताकद जास्त. अल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे गोष्ट काही नवी नाही. हे चक्र मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही पुढे जातं आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतं. म्हणून टर्बोची गाडी थांबवल्यावर थोडा वेळ रिकामी चालू ठेवायची असते. आमच्याकडचे ड्रायव्हर चहाची टपरी दिसताच चावी फिरवतात, तो भाग वेगळा.

या सगळ्यात सिलिंडरचं घनफळ बदलत नाही, हे लक्षात ठेवा. टाटांची सुमो १९९४ साली आली तेव्हा तिचं डिझेल इंजिन १९४८ सीसीचं आणि टर्बोशिवायचं होतं. १९९८ मध्ये सफारी आली, तिचंही १९४८ सीसीच, पण टर्बोसह. एकाची ताकद सत्तर अश्वशक्तीच्या आत, दुसऱ्याची नव्वदीच्या घरात. त्यामुळे जुन्या सुमोत टर्बोचं इंजिन चढवणं मिस्त्रीला फारसं अवघड वाटत नाही. गाडीमालकही छाती ठोकून सांगतो, "साहेब, सीसी तेच हाये ना जी, मंग बदललं का?"

विम्याच्या हप्त्यापुरतं पाहिलं तर तो खरं बोलतोय. आपल्याकडे खासगी मोटारीच्या थर्ड पार्टी विम्याचा दर सीसीवर ठरतो. हजारपर्यंत, हजार ते दीड हजार आणि दीड हजारांवर असे तीन गट आहेत. २०२२ च्या जूनपासूनच्या दरांत शेवटच्या गटाला वर्षाला ७,८९७ रुपये लागतात. सुमो असो की सफारी, टर्बो असो की नसो, आकडा तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ताही सीसी, गाडीचं वय, ठरवलेली किंमत आणि विभाग यांवर निघतो. मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरं 'अ' विभागात, आम्ही 'ब' मध्ये. हवा किती दाबाने आत जाते, हे विचारणारा रकाना प्रस्तावाच्या फॉर्मवर मला अजून दिसलेला नाही.

आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, मात्र अश्वशक्तीचा रकाना असतो आणि इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा आरसीतला तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाने करू नये. याला एक खिडकी ठेवली आहे, ती इंधनाची. सीएनजी, एलपीजी, बॅटरी, सौरऊर्जा अशा वेगळ्या इंधनावर किंवा ऊर्जेवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येतं. टर्बोने इंधन बदलत नाही, डिझेल ते डिझेलच, म्हणून टर्बो या खिडकीतून आत येऊ शकत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हे कलम कडक वाचलं: उत्पादकाचा मूळ तपशील बदलणारा फेरफार नोंदवता येणार नाही. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. रस्त्यावर हा दंड क्वचितच होतो. पण दाव्याच्या फाइलीत हे कलम कंपनीच्या वकिलाला नेमकं आठवतं.

गॅरेजमध्ये 'टर्बो बसवला' हे एकच वाक्य दोन वेगळ्या कामांसाठी वापरतात. पहिल्या कामात जुनं इंजिन तसंच ठेवून बाहेरून टर्बो जोडतात आणि पंपाचं डिझेल वाढवतात. यात इंजिन नंबर जागच्या जागी राहतो, पुनर्नोंदणीच्या तपासणीत पेन्सिल घासून घेतलेली छाप आरसीशी जुळते आणि मालक निर्धास्त होतो. यंत्राच्या दृष्टीने हेच काम जास्त वाईट. कंपनीत तयार झालेल्या टर्बो इंजिनाचे पिस्टन, रिंगा, तेलाचा प्रवाह सगळं त्या दाबासाठी बेतलेलं असतं. बाहेरून दाब चढवलेल्या जुन्या इंजिनाचं हेड गॅस्केट जातं, पिस्टन जळतो, आणि असा पिस्टन जळणं हा अपघात नव्हे, बिघाड. यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही.

दुसऱ्या कामात अख्खं टर्बो इंजिनच बदलतात, बहुतेक वेळा भंगारात निघालेल्या गाडीचं. यंत्र म्हणून हे बरं, कागद म्हणून कठीण. नंबर बदलतो. ते इंजिन कुठून आलं, बिल आहे का, चोरीच्या गाडीचं तर नाही, हे प्रश्न उभे राहतात. या प्रश्नांना घाबरून काही जण नव्या ब्लॉकवरचा नंबर ग्राइंडरने घासून त्यावर जुना नंबर पंच करून घेतात. इथं मात्र माझा सूर बदलतो. टर्बो बसवणारा माणूस हौशी किंवा गरजू असतो, पण पंच करून घेणारा बनावटगिरी करतो. घासलेला नंबर उजेडात ओळखू येतो: पृष्ठभाग बसका असतो, अक्षरं एका रेषेत नसतात, ठोक्याची खोली कमी-जास्त असते. तशा गाडीचा दावा माझ्या अहवालानंतर उभा राहत नाही, आणि राहू नये.

मग सरळ मार्ग कोणता? इंजिन बदलण्याआधी नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घ्या. आमच्यासाठी ते म्हणजे चंद्रपूरचं कार्यालय, इथून शंभरेक किलोमीटर. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असेल तर गोष्ट तुलनेने सोपी. टर्बोचं इंजिन 'त्याच प्रकारचं' धरायचं की नाही, यावर अधिकारी अडतो, आणि त्याचं अडणं मला चुकीचं वाटत नाही, कारण अश्वशक्तीचा रकाना बदलतोय. तुमचंच मॉडेल कंपनीने टर्बोसह विकलेलं असेल तर बाजू मांडायला जागा आहे. घरगुती किट लावलेलं असेल तर ती जवळजवळ नाही. इंजिनाचं बिल हवं, त्यावर इंजिन नंबर हवा. जुन्या गाडीतून काढलेलं असेल तर त्या गाडीचे कागद आणि पोलिसांकडून ती चोरीची नसल्याचा दाखला हवा. गाडीवर कर्ज असेल तर कर्ज देणाऱ्याची लेखी संमती आधी. बदल झाल्यावर कळवण्याची मुदत कायद्याने १४ दिवसांची आहे. आमच्याकडे ही मुदत कुणाला माहीत नसते. माहीत असते ती पंधरा वर्षांची, कारण खासगी गाडीची नोंदणी तेवढीच चालते आणि नूतनीकरणाला २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार रुपये लागतात. त्या वेळी निरीक्षकाने बॉनेट उघडलं की इंजिन बदलल्याचं बाहेर येतं.

पीयूसीचा कागद या सगळ्यात पुरावा म्हणून माझ्यासमोर नाचवला जातो. तो पुरावा नव्हे. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा २.४५ आहे, नीट बसवलेल्या टर्बोने धूर उलट कमी होतो, म्हणून गाडी सहज पास होते. पीयूसीचं यंत्र धूर मोजतं, इंजिन कुणाचं ते विचारत नाही.

विमा कंपनीला तर लेखीच कळवावं लागतं. सीएनजी-एलपीजी किटसाठी २००२ च्या मोटार टॅरिफपासून तयार कलम आहे, पंचविसावं. किटच्या किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीपोटी साठ रुपये जास्त, की पॉलिसीवर शेरा येतो. टर्बोसाठी असं कलम नाही. तुम्ही पत्र दिलंत, नवी आरसी जोडलीत, तर कंपनी गाडी पाहून शेरा मारेल किंवा नाही म्हणेल. नाही म्हणाली तर निदान तुम्हाला आधी कळलं. लपवलेली गोष्ट दाव्याच्या दिवशी उघडी पडली तर ती महत्त्वाची माहिती दडवणं ठरते.

आमच्या भागातलं उदाहरण घ्या. तळोधी-सिंदेवाही रस्त्यावर रात्री रानडुक्कर आडवं येतं. टर्बो बसवलेल्या गाडीत बहुधा रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर असतो, टर्बोने तापलेली हवा थंड करणारा. धडकेत सगळ्यात आधी तोच फुटतो. मालक म्हणतो बंपर, ग्रिल, इंटरकूलर, रेडिएटर सगळं द्या. मी बंपर देतो, प्लॅस्टिक असल्याने निम्मा घसारा कापून. रेडिएटरही देतो. इंटरकूलर देऊ शकत नाही, कारण विमा उतरवलेल्या गाडीत तो नव्हताच. आणि डुक्कर धडकल्यावर पाणी गळत असताना ड्रायव्हरने नाटकाची वेळ गाठायची म्हणून गाडी तशीच हाणली आणि इंजिन जाम झालं, तर ते नुकसानही धडकेचं नाही, नंतर चालवण्याचं आहे.

उरलेल्या रकमेचं काय, हा वादाचा मुद्दा. कंपन्यांचा पहिला कल पूर्ण दावा फेटाळण्याकडे असतो. मला तो सरसकट मान्य नाही. अमलेंदू साहू यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये, खासगी गाडी भाड्याने वापरल्याने पॉलिसीची अट मोडलेली असतानाही दावा पूर्ण न फेटाळता कमी दराने मिटवायला सांगितलं. अशा तडजोडीची वरची मर्यादा पंचाहत्तर टक्के धरतात. त्याआधी १९९६ च्या नागराजू प्रकरणात ट्रकमध्ये ठरलेल्यापेक्षा जास्त माणसं होती, पण अपघाताचं कारण ती माणसं नव्हती, हे न्यायालयाने पाहिलं. मी अहवालात हाच धागा पकडतो. समोरून डुक्कर आलं आणि गाडी चाळिसात होती, तर टर्बोचा काय दोष? पण ब्रेक जुनेच, क्लच जुनाच, ताकद मात्र वाढलेली, आणि गाडी वळणावर वेगात आवरली नाही, तर टर्बोचा दोष आहे, आणि तोही मी तसाच लिहितो.

थर्ड पार्टीचा हिशेब यापेक्षा कठोर आहे. तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर अटी मोडल्याच्या प्रकरणांत न्यायाधिकरण बरेचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. त्या वसुलीत गाडी जात नाही, शेत जातं. नाटकाच्या हंगामात खासगी नंबरच्या गाड्या भाड्याने फिरतात, त्यात टर्बो लपवलेला असतो, वर प्रवासी जास्त असतात. तीन उल्लंघनं एकाच गाडीवर. यातलं सगळ्यात हलकं टर्बो आहे, असं मी मालकांना सांगतो, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटतं.

माझी तक्रार सरकारकडेही आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने बीएस-६ च्या पेट्रोल गाड्यांना गॅस किट बसवायला आणि साडेतीन टनांखालच्या डिझेल गाड्यांचं इंजिन काढून गॅसचं बसवायला वाट करून दिली, चाचणी संस्थांच्या मान्यतेसह. म्हणजे इंजिन बदलणं हे मुळात पाप नाही, तपासून केलं तर चालतं. मग ज्या कंपनीने एकाच ब्लॉकवर टर्बो आणि बिनटर्बो अशी दोन्ही इंजिनं विकली, तिच्या गाड्यांसाठी तशीच वाट का नको? इंजिन कंपनीचं, ब्रेकही वरच्या मॉडेलचे, बसवणारं गॅरेज मान्यताप्राप्त, आणि अश्वशक्तीच्या रकान्यात नवा आकडा. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाल्यापासून इथली माणसं आणि माल आणखीच या जुन्या गाड्यांवर आले आहेत. प्रामाणिक माणसाला अर्ज करायला रकानाच नसेल तर तो मिस्त्रीकडे जातो, आणि मिस्त्रीकडे पंच तयार असतो.

तोवर माझ्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्याला मी आधी कागद-पेन घ्यायला लावतो. इंजिनाची किंमत, मजुरी, क्लच, ब्रेक, चंद्रपूरच्या खेपा, नूतनीकरणाची फी, आणि विमा कंपनी नाही म्हणाली तर पदरी पडणारा धोका, हे सगळं एका बाजूला मांडायचं. दुसऱ्या बाजूला कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली, आरसीवर तसंच लिहिलेली जुनी बोलेरो. हिशेब झाल्यावर बरेच जण बोलेरोकडे वळतात, आणि सुमो नाटकाच्या सामानासाठी ठेवतात, टर्बोशिवाय.